विमानाच्या इंजिनाच्या फॅन ब्लेडमधली चीर कशी शोधायची, डीपी म्हणजे डाय पेनेट्रंट तपासणी करणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी

परवा सांगलीत विश्रामबागला भाजी घेताना एक पोरगी भेटली, कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत पंपाच्या कास्टिंगची डीपी करते, दोन वर्षं झाली तिला. म्हणाली ताई, तुम्ही विमानाच्या इंजिनाच्या शॉपमध्ये होता ना, तिथं ब्लेडला क्रॅक बघतात ते आमच्यासारखंच असतंय का? मेथीची जुडी हातात धरून भर रस्त्यात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अर्धवटच राहिलं, आणि घरी आल्यावर मनातून जाईना म्हणून नीट लिहून काढते. मीपण सुरुवात कुपवाडलाच केली, लाल डाय, पांढरा डेव्हलपर म्हणजे चिरेतला रंग बाहेर ओढून दाखवणारी पावडर, आणि हातात चिंधी, आणि मग अकरा वर्षं इंजिन शॉपमध्ये फ्लोरेसंट पेनेट्रंटच्या, म्हणजे यूव्ही उजेडात चमकणाऱ्या द्रवाच्या लाइनवर काढली. तर उत्तर असं की तत्त्व तेच आहे, बारीक फटीत पातळ द्रव शिरतो आणि नंतर बाहेर येऊन फट कुठंय ते दाखवतो, पण बाकी जवळजवळ सगळं वेगळं.

एक आधीच सांगते. खरं काम करताना त्या इंजिनाचं मॅन्युअल समोर उघडं पाहिजे, एनडीटीचं, म्हणजे पार्ट न तोडता तपासायच्या कामाचं सर्टिफिकेट पाहिजे आणि शेवटी सही अधिकार असलेल्या माणसाचीच लागते. मी खाली जे आकडे देते ते या कामात सर्वसाधारण वापरले जाणारे आहेत, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

आता ब्लेड म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा. विमानात चढताना इंजिनाच्या तोंडाशी जो मोठा पंखा दिसतो ना, त्याची पाती. बोईंग 737 वर जे सीएफएम 56-7बी इंजिन असतंय त्यात 24 पाती, टायटॅनियमची, आणि पंख्याचा व्यास 155 सेंटीमीटर, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच बायकांच्या उंचीएवढा. प्रत्येक पात्याचं बूड डव्हटेल आकाराचं असतं, सुतार ड्रॉवरचा जोड करतो तसंच, आणि ते डिस्कच्या, म्हणजे मधल्या जाड चकतीच्या खाचेत सरकवून बसवलेलं असतं. पंखा मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो तेव्हा प्रत्येक पातं बाहेर निसटायला बघतं, त्याची ओढ टनांच्या हिशोबात असते, आणि ती सगळी ओढ त्या डव्हटेलच्या दोन तिरक्या कडांवर येते. टेकऑफला ओढ चढली, लँडिंगनंतर उतरली, ही एक सायकल. अशा हजारो सायकल झाल्या की धातू थकतो. म्हणून पोरींनो, पात्याची रुंद चकचकीत बाजू बघून हरखून जाऊ नका, तिथं पक्ष्याचा किंवा खड्याचा मार दिसेल, पण जीवघेणी चीर बहुतेक वेळा बुडाशी असते, जिथं इंजिन जोडलेलं असताना नजर पोचतच नाही.

17 एप्रिल 2018 ला अमेरिकेत साउथवेस्टच्या 1380 नंबरच्या फ्लाइटला हेच झालं. न्यूयॉर्कहून डल्लासला निघालेलं विमान, डाव्या इंजिनातलं 13 नंबरचं ब्लेड डव्हटेलपाशी तुटलं, इंजिनाच्या आवरणाचे तुकडे उडाले, एक खिडकी फुटली आणि एका प्रवासी बाईचा जीव गेला. विमान फिलाडेल्फियाला उतरवलं. त्या ब्लेडने 32,636 सायकल केल्या होत्या, आणि 2012 च्या ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे सगळं खोलून केलेल्या तपासणी-दुरुस्तीत त्याचं फ्लोरेसंट पेनेट्रंट झालेलं होतं. म्हणजे आपल्यासारख्याच कुणीतरी अंधाऱ्या खोलीत ते ब्लेड हातात धरून बघितलं होतं आणि पास केलं होतं. मी त्या माणसाला दोष देत नाही, चीर तेव्हा किती होती आणि दिसण्यासारखी होती का हा प्रश्न आहेच, पण ही गोष्ट कळल्यापासून मी एकही ब्लेड त्याची आठवण काढल्याशिवाय हातात घेतलं नाही. त्या अपघातानंतर या ब्लेडांची अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी सक्तीची झाली आणि पुढं ती दर 1600 सायकलला करायचं ठरलं.

आता कामाला लागू. पहिली पायरी विमानावरच, इंजिन न उतरवता. इंजिन बंद असलं तरी वाऱ्याने फॅन फिरतो, नुसत्या झुळकीनेपण फिरतो, आणि हात आत असताना फिरला तर बोटं जातात, म्हणून स्टार्टचे ब्रेकर ओढून टॅग लावायचे आणि फॅन हलणार नाही असा अडकवायचा, मगच आत जायचं. खिशातला पेन, मोबाइल, अंगठी, बांगड्या सगळं बाहेर काढून ठेवायचं. एका ब्लेडवर परवानगी असलेल्या मार्करने खूण करायची आणि तिथून मोजत जायचं, नाहीतर गोल फिरताना एक ब्लेड दोनदा बघितलं जातं आणि एक राहून जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. टॉर्च तिरकी धरायची, समोरून मारलेला उजेड मार लागून पडलेली खाच लपवतो. लीडिंग एजवरून, म्हणजे पात्याच्या पुढच्या कडेवरून सुती हातमोजा हलकेच फिरवला की बारीक टोचा असेल तिथं धागा अडकतो. टोकं वाकलीत का, शेजारच्या ब्लेडशी अंतर सारखं आहे का ते बघायचं. खाच सापडली तर तिची खोली मोजायची, कारण मर्यादेच्या आत असेल तर घासून गोलसर करतात, आणि न घासता सोडली तर त्याच खाचेतून पुढं चीर निघते.

बुडाची तपासणी करायची तर ब्लेड काढावं लागतं. पुढचा स्पिनर कोन काढायचा, मग ब्लेडांच्या मधल्या पट्ट्या, मग ब्लेड अडवून ठेवणारे तुकडे, आणि ब्लेड पुढं सरकवून बाहेर. प्रत्येकाचा सीरियल नंबर आणि कुठल्या खाचेतून निघालं ते लगेच लिहायचं, मग लिहू असं म्हणायचंच नाही, कारण ब्लेडांची वजनं बघून समोरासमोर जोड्या लावलेल्या असतात आणि अदलाबदल झाली तर पंखा थरथरतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो भाग. सफाई. कुपवाडला आपण काय करायचो, क्लीनर फवारला, चिंधीने पुसलं, झालं. इथं तसलं चालत नाही. चीर मिलिमीटरच्या शतांशाहूनही कमी रुंदीची असू शकते आणि तिच्यात तेल, ग्रीस, जुनं वंगण, पाणी यातलं काहीही बसलेलं असेल तर पेनेट्रंटला जागाच उरत नाही. आणि मग खोलीत अंधार करून तुम्ही तासभर बघत बसा, काही दिसणार नाही आणि तुम्ही खुशाल पास लिहाल. ब्लेडच्या डव्हटेलवर तांबं-निकेल-इंडियमचा थर असतो आणि त्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं कोरडं काळं वंगण, बूड आणि खाच एकमेकांना खाऊ नयेत म्हणून. पूर्ण ओव्हरहॉलला हे दोन्ही थर उतरवायचे असतात, कारण थर वर शाबूत आणि खाली धातू चिरलेला असं होऊ शकतं.

उतरवायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते तीच. वायर ब्रश नाही, सँडपेपर नाही. टायटॅनियम खरडलं की धातूचा पातळ पापुद्रा चिरेच्या तोंडावर पसरतो, भिंतीच्या भेगेवर पुट्टी ओढावी तसा, आणि चीर बंद. असं झालं असेल तर ॲसिडने हलकं एचिंग करून, म्हणजे वरचा पापुद्रा विरघळवून तोंड उघडावं लागतं. क्लोरीनवाला सॉल्व्हंट टायटॅनियमजवळ आणायचाच नाही, त्याने पुढं गरम होताना स्वतःहूनच क्रॅक जाऊ शकतात. बाजारात मिळणारा कुठला तरी डिग्रीझर चांगला आहे म्हणून आणला असं इथं कधी करू नका.

धुतल्यावर बघायचं की पाणी सगळीकडे अखंड पसरतंय का थेंब थेंब होऊन तुटतंय. तुटलं की तिथं तेलकटपणा आहे, परत धुवा. मग वाळवायचं, आणि हे वाळवणं लोक सगळ्यात हलक्यात घेतात. माझा एक पावसाळा आठवतो. काम तुंबलं होतं, वरून घाई, आणि एका शिफ्टला ब्लेडं ओव्हनमधून वेळेआधी काढली गेली. हाताला कोरडी लागत होती, अगदी खडखडीत. मी बघितली, काही नाही दिसलं. पण वेळेच्या शीटवर आत घातल्याची वेळ आणि काढल्याची वेळ बघितली तर वीस मिनिटांच्या जागी आठ. मी सगळा लॉट परत धुवायला पाठवला, त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या फेरीत एका ब्लेडच्या फुगीर बाजूला, डव्हटेलच्या लीडिंग एजकडच्या कोपऱ्यापाशी, तीनेक मिलिमीटरची पिवळीहिरवी रेघ उभी राहिली. केसासारखी बारीक, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली. पहिल्या फेरीत तिथं काहीच नव्हतं, मी तिथंच बघितलं होतं. चिरेत पाणी बसलं होतं बाकी काही नाही. त्या दिवसापासून बूथमध्ये, म्हणजे तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत शिरायच्या आधी मी वेळेची शीट वाचते, ब्लेड नंतर.

पेनेट्रंट लाल नसतो, फ्लोरेसंट असतो, आणि ब्लेडसारख्या जिवावरच्या पार्टला सगळ्यात संवेदनशील, लेव्हल 4 चा. आणि फाउंड्रीतून येणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, ज्या पार्टला एकदा लाल डाय लागला तो फ्लोरेसंटला चालत नाही, लाल रंग चिरेत राहतो आणि फ्लोरेसंटची चमक मारून टाकतो. पेनेट्रंट कमीत कमी 10 मिनिटं ठेवायचा, धातू थकून पडलेल्या बारीक चिरांसाठी 20-30 मिनिटं ठेवतात, पार्ट आडवातिडवा फिरवत म्हणजे एका जागी तळं साचत नाही. मग पाण्याचा फवारा, मग इमल्सिफायर, म्हणजे पेनेट्रंट पाण्यात मिसळून धुतला जावा म्हणून लावायचा द्रव, कारण हा पेनेट्रंट नुसत्या पाण्याने निघत नाही आणि निघत नाही हेच आपल्याला हवं असतं, पृष्ठभागावरचा निघावा आणि चिरेतला राहावा म्हणून. इमल्सिफायरचा वेळ मात्र घड्याळ लावून, दोन मिनिटांच्या वर नाहीच, जास्त झाला की तो चिरेतलापण खेचून काढतो. परत धुवायचं, पाण्याचा दाब 40 पीएसआयच्या आत. ओव्हन 71 डिग्री सेल्सिअसच्या वर न्यायचा नाही. मग कोरडी डेव्हलपर पावडर, इतकी हलकी की दिसतपण नाही नीट, आणि किमान 10 मिनिटं थांबायचं, 4 तासांच्या आत बघून संपवायचं.

रोज सकाळी पहिल्या खऱ्या पार्टच्या आधी माहीत असलेल्या चिरांची एक प्लेट याच सगळ्या लाइनमधून काढायची. तिच्यावरच्या चिरा ताऱ्यांसारख्या दिसतात, ते सगळे तारे उमटले तर लाइन चालू, एक जरी कमी दिसला तर लाइन बंद आणि कारण शोधा.

आता बूथ. आतला पांढरा उजेड 20 लक्सच्या आत, म्हणजे दाराच्या फटीतून येणारी रेघपण नको, मोबाइल तर बाहेरच. यूव्ही दिवा 365 नॅनोमीटरचा, 38 सेंटीमीटर अंतरावर मीटरने मोजून चौरस सेंटीमीटरला किमान 1000 मायक्रोवॅट, आणि हे रोज मोजायचं, कारण काच धुळीने भरते आणि कळत नाही. आत गेल्यावर निदान एक मिनिट डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मी तर पाच मिनिटं बसायचे. उन्हात काळा होणारा चष्मा घालून आत जायचं नाही, तो यूव्हीतपण काळा होतो. दिव्याकडे थेट बघायचं नाही. जवळची नजर दरवर्षी तपासून घ्यायची असते, रंगाची ओळखपण ठरलेल्या मुदतीने, आणि त्यात लाज वाटून घेऊ नका.

आणि सांगलीकरांसाठी खास. हळद यूव्हीत चमकते. तेलातली हळद तर पिवळीहिरवी, अगदी पेनेट्रंटच्या रंगाची. डब्यातली आमटीभाजी खाऊन नुसते हात धुऊन आलं तरी नखांच्या कडांना ती राहते आणि तेच बोट ब्लेडला लागलं की डाग उठतो. मार्केट यार्डाजवळ घर असलेल्या एका पोराच्या शर्टाच्या बाहीवरच हळदीची धूळ असायची, त्याला आम्ही रोज कपडे बदलून मगच आत घ्यायचो. नायट्राइलचे हातमोजे, आणि आत जायच्या आधी स्वतःचे हात यूव्हीखाली बघायचे.

बघायचं कसं? ब्लेड दोन्ही हातांत, बूड आपल्याकडे, आणि दिवा स्थिर ठेवून ब्लेड फिरवायचं. डव्हटेलची फुगीर बाजू आधी, कडेपासून कडेपर्यंत पट्टा पट्टा घेत, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढलेला. मग खोलगट बाजू. मग दोन्ही टोकं, मग बूड आणि पातं जिथं मिळतं तो वळणाचा भाग, मग पातं. कोपऱ्यात आणि वळणात पेनेट्रंट तसाही साचतो, त्याची एक सरसकट मंद चमक असते, आणि चीर असलीच तर त्या चमकेच्या आत लपते, म्हणून तिथं घाई नको. चिरेची रेघ धारदार असते, कडा स्पष्ट, आणि थांबून बघितलं तर सावकाश रुंद होत जाते कारण आतून द्रव येतच असतो. ओरखडा रुंद आणि फिका. कापडाचा तंतू चीरच वाटतो पण फुंकर मारली की हलतो.

शंका आली की ब्लीडबॅक, म्हणजे पुसून रेघ परत येते का बघणं. बारीक ब्रशला किंवा कापसाच्या बोळ्याला थोडासा सॉल्व्हंट, ओला चिंब नाही, एकदाच हलकेच पुसायचं, परत थोडी पावडर टाकायची आणि भिंग घेऊन थांबायचं. खरी चीर त्याच जागी त्याच आकारात परत उगवते. डाग असेल तर येत नाही. दोनदा करा, पण घासून घासून चार-पाच वेळा करू नका, आतला पेनेट्रंटच संपतो आणि खरी चीर खोटी ठरते. रेघ परत आली तर तुमचं काम संपलं, ती किती खोल आहे, चालेल का, असला विचार तुम्ही करायचा नाही. फॅन ब्लेडच्या डव्हटेलमध्ये चीर म्हणजे रिजेक्ट.

एक गोष्ट मी शिकवताना नेहमी सांगायचे, बारा ब्लेडं बघून झाली की बाहेर या. नजर थकते ते आपल्याला कळत नाही, आपल्याला वाटतं आपण बघतोय आणि नुसतं ब्लेड डोळ्यासमोरून जात असतंय, विशेषतः महिनोन्महिने एकही चीर सापडली नसेल तेव्हा. 19 जुलै 1989 ला अमेरिकेत सू सिटीला डीसी-10 विमान पडलं, शंभराच्या वर माणसं गेली. तिथं ब्लेड नाही, फॅनची डिस्कच फुटली होती, आणि तपासात निघालं की वर्ष-सव्वा वर्ष आधी पेनेट्रंट झालं तेव्हा त्या डिस्कवर साधारण 12-13 मिलिमीटरची चीर असणार. बोटाच्या नखाएवढी. एवढी चीर न दिसायला माणूस बेफिकीर असावा लागत नाही, थकलेला किंवा इथं काही नसतंच असं गृहीत धरलेला असला तरी पुरतो.

पेनेट्रंटच्या पुढं एडी करंट आणि यूटी म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग, त्यावर थोडक्यात, कारण ते शिकायला वेगळा कोर्स लागतो. एडी करंटमध्ये पेन्सिलसारखा प्रोब डव्हटेलच्या कडेवरून फिरवतात, धातूत बारीक विद्युतप्रवाह घुमतात आणि चीर आडवी आली की स्क्रीनवर ठिपका उसळतो. आधी त्याच टायटॅनियमच्या ब्लॉकवर, ज्यात स्पार्कने कापलेली मोजकी खाच असते, सेटिंग करायचं. प्रोब वाकडा झाला तरी स्क्रीन हलते, ती हालचाल आणि चिरेची हालचाल वेगळी ओळखता आली पाहिजे आणि ते हाताला बसायला महिने जातात. यूटीचा फायदा असा की ध्वनी धातूच्या आतून जातो, थर न उतरवतापण बुडाची चीर पकडता येते.

आणि प्रत्येक ब्लेडला पेनेट्रंट लागूच पडतं असंपण नाही. 20 फेब्रुवारी 2021 ला डेन्व्हरहून निघालेल्या युनायटेडच्या बोईंग 777 चं ब्लेड तुटलं, सगळे सुखरूप उतरले, पण ते प्रॅट अँड व्हिटनीचं पोकळ टायटॅनियम ब्लेड होतं आणि चीर आतल्या पोकळीच्या बाजूने सुरू झालेली. बाहेरून कितीही पेनेट्रंट लावा, दिसणार कशी? त्या ब्लेडांना ध्वनीने कंप देऊन इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बघतात, चिरेच्या दोन कडा एकमेकांवर घासून तापतात तो ठिपका शोधतात. नवीन लीप इंजिनात तर 18 ब्लेडं कार्बन फायबरची, तिथं चिरेपेक्षा थर सुटलेत का हा प्रश्न.

पास झालेलं ब्लेड तसंच ठेवू नका, डेव्हलपर पावडर ओल धरून ठेवते, ती लगेच धुवा. मग थर, वंगण, आणि जिथून काढलं त्याच जागेसाठी टॅग. रिजेक्ट ब्लेडला लाल टॅग लावून कुलपात, चांगल्या ब्लेडांच्या रॅकवर क्षणभरपण नाही. कागदावर सीरियल नंबर, पेनेट्रंट कुठल्या बॅचचा, प्रत्येक टप्प्याची खरी वेळ, दिव्याचं मोजमाप, आणि चीर असेल तर चित्र काढून जागा.

ज्यांना नजर तयार करायचीय पण अजून बूथ बघायला मिळालेला नाही त्यांच्यासाठी घरचा सराव. हे काही तपासणीचं साधन नाही, डोळ्याला सवय व्हावी एवढंच. चमचाभर गोड्या तेलात चिमूटभर हळद घालून रात्रभर ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पिवळं तेल घ्या. घरातला जुना चिनीमातीचा कप शोधा, ज्याच्या चकाकीला केसासारखे तडे गेलेत, तो सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन चांगला वाळवा, म्हणजे खरंच वाळवा. तेल चोळा, अर्धा तास ठेवा. मग साबणाच्या पाण्याने वरचं तेल काढा, जास्त घासू नका, वाळवा, आणि टाल्कम पावडर झटकून दहा मिनिटं थांबा. रात्री दिवे बंद करून नोटा तपासायची छोटी यूव्ही टॉर्च लावा, तडे एकेक करून उजळतील. मग दुसरा तसलाच कप घ्या, पण या वेळी तेल लावायच्या आधी तो पाण्यात बुडवून नुसता पुसून घ्या, बाकी सगळं सारखं. दोन्ही कप शेजारी ठेवून तडे मोजा.